पहिल्या पाच गोळ्या

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. ती पोलीस प्रशिक्षणाला आहे. तिथे मोबाइल हातात मिळतो तोच मुळी थोडा वेळ, त्यामुळे ती नेहमी घाईत बोलते. त्या दिवशी मात्र गप्पच. म्हटलं, "काय गं, बरं नाही का?" तर म्हणाली, "मावशी, उद्या फायरिंग आहे. पहिल्यांदाच. मला झोपच येणार नाही. तू एन.सी.सी.त होतीस ना? तुला भीती वाटली होती का?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, तिला काय उत्तर द्यावं हेच मला पटकन सुचेना. पोळ्यांचं पीठ मळता मळता फोन कानाला लावला होता, हात तसेच राहिले. तीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. लग्नाच्या वेळी 'मुलीला काय काय येतं' या यादीत भरतकाम होतं, पेटी होती, टायपिंग होतं. 'रायफल चालवता येते' असं कोणी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पाहुणे चहा न घेताच उठले असते!

आमच्या नगरला (सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर, आमच्या तोंडी अजून नगरच) तोफेचा आवाज काही नवा नाही. आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे. खारे कर्जुन्याच्या बाजूला के. के. रेंज आहे, तिथे रणगाड्यांचा सराव चालतो. सराव असला की नगर, राहुरी, पारनेरच्या कितीतरी गावांत खिडक्यांची तावदानं थरथरतात. लहानपणी आम्हाला तो आवाज म्हणजे घड्याळच वाटायचा. आजी म्हणायची, "रेंज सुरू झाली, गुरं आत घ्या."

इतिहासातही आमच्या गावाचं दारूगोळ्याशी नातं जुनंच. विजापूरला गेलात तर बुरुजावर 'मुलुख-ए-मैदान' तोफ दाखवतात. पन्नास टनांहून जास्त वजनाची ती तोफ १५४९ साली आमच्या नगरात ओतली गेली. आणि भुईकोट किल्ल्यावर उभं राहून मोगलांना थोपवणारी चांदबिबी तर आम्हा नगरच्या मुलींना शाळेतल्या भाषणांत पाठच असते. गोळे संपले तेव्हा तिने सोन्यारुप्याच्या नाण्यांचे गोळे करून डागले, अशी दंतकथा आहे. मला लहानपणी नेहमी वाटायचं, पण हिला शिकवलं कोणी? पहिल्यांदा आवाज झाला तेव्हा ही दचकली होती का? ते भाषणात कुठेच नसायचं.

आमच्या घरात मात्र बंदूक हा शब्दसुद्धा चालायचा नाही. त्याला कारण होतं. माझा धाकटा मामा आठ-नऊ वर्षांचा असताना माळावर गुरं चारायला गेला होता. तिथे त्याला पितळेसारखी चमकणारी एक वस्तू सापडली. भंगारवाला चार पैसे देईल म्हणून त्याने ती दगडावर ठोकून पाहिली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. डोळे वाचले, ते देवाची कृपा म्हणायचं. आई त्या वेळी तिथेच होती, शेळ्या वळवत. तिने पदर फाडून मामाचा हात बांधला आणि त्याला पाठीवर घेऊन गावापर्यंत पळाली. आई तेव्हा बारा वर्षांची. लष्करी सरावाच्या भागात पडलेल्या वस्तूंना हात लावून जिवाला मुकलेल्यांच्या बातम्या आजही अधूनमधून पेपरात येतात. त्या आल्या की आई पेपर उलटा करून ठेवते.

त्यामुळे १९९३ साली कॉलेजात एन.सी.सी.त नाव घातलं, तेव्हा घरी फक्त परेडचं सांगितलं होतं. खाकी कपड्यांना आईची हरकत नव्हती. उलट मी कडक इस्त्री करायला शिकले याचा तिला आनंदच होता. पण डिसेंबरात दहा दिवसांचा कॅम्प लागला आणि पालकांच्या सहीचा कागद घरी आला. त्यात फायरिंगचा उल्लेख होता. आईनं कागद वाचला, घडी घातली आणि देव्हाऱ्याखाली सारला.

"काय करायचीय ती बंदूक? लढाईवर जायचंय का तुला?"

वडील या वादात पडले नाहीत. ते अशा वेळी सायकलला तेल घालायला बाहेर जायचे. मी दोन दिवस जेवले नाही, म्हणजे आईसमोर जेवले नाही. तिसऱ्या दिवशी मामा बाजाराला आला होता. त्याने सगळं ऐकलं. मग उजवा हात पुढे करून आईला म्हणाला, "अक्का, माझ्या हातात काय आहे ते मला माहीत नव्हतं. कोणी सांगायलाही नव्हतं. हिच्या शेजारी शिकवणारा बसणार आहे. जाऊ दे तिला."

आई काही बोलली नाही. संध्याकाळी सही झालेला कागद माझ्या वहीत होता.

आता रेंजवरचं सांगते. सिनेमात बंदूक उचलली की लगेच ठो! प्रत्यक्षात आम्हाला पहिले तीन दिवस गोळीचं दर्शनसुद्धा झालं नाही. आधी रायफलचे भाग. मग ती कशी धरायची, कोणाकडे रोखायची नाही, खाली आहे की नाही हे दर वेळी बोल्ट उघडून कसं बघायचं. उस्ताद, म्हणजे शिकवणारे हवालदार, हिंदी-मराठीची खिचडी बोलायचे. त्यांचा एक नियम होता. रायफल रिकामी आहे हे स्वतः पाहिलं असलं तरी ती भरलेलीच आहे असं समजायचं. आमच्यातल्या एकीने गमतीत मैत्रिणीकडे नळी वळवली. उस्ताद ओरडले नाहीत, पण त्या मुलीला त्या दिवशी रायफलला पुन्हा हात लावू दिला नाही. ती रडली. आम्हाला ते फार कठोर वाटलं. आज वाटत नाही.

मग नाण्याचा खेळ. जमिनीवर पालथं झोपायचं, रिकामी रायफल खांद्याला लावायची, नळीच्या टोकावर चार आण्याचं नाणं ठेवायचं आणि ट्रिगर दाबायचा. नाणं पडता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. बोट झटक्याने ओढलं की नळी हलते आणि नाणं मातीत. ट्रिगर ओढायचा नसतो, दाबत दाबत न्यायचा असतो. पिकलेलं लिंबू पिळतो तसा, हळूहळू, आणि तो नेमका कधी सुटणार हे आपल्यालाही कळू नये. माझं नाणं पहिल्या दिवशी बारा वेळा पडलं. शेजारच्या मुलीचं एकदाही पडलं नाही. ती शेवया वळण्यात पटाईत होती, हे नंतर कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही रेंजवर गेलो. थंडी मी म्हणत होती. लाल झेंडा लावलेला. समोर २५ मीटरवर लाकडी चौकटीत कागद आणि त्यामागे मातीचा उंच बांध. एवढीशी ती पॉइंट टू-टूची गोळी, पेन्सिलीच्या तुकड्याएवढी, पण मागे बांध नसेल तर दीड किलोमीटरपर्यंतही जाऊ शकते. म्हणून तो बांध, म्हणून तो झेंडा. कानात घालायला कापसाचे बोळे दिले. प्रत्येकीला पाच गोळ्या, मोजून. सुटलेली पाच खोकी परत मोजून द्यायची. एक कमी भरलं तर सगळी रेंज गवतात शोधत बसणार.

आम्हा मुलींच्या अडचणी वेगळ्याच होत्या, त्या कुठल्या पुस्तकात नव्हत्या. पालथं झोपलं की मागचा अंबाडा टोपीला ढकलतो आणि टोपी डोळ्यांवर येते. मग सगळ्यांनी अंबाडे सोडून दोन वेण्या घातल्या. कोपराखाली खडे टोचत होते. आणि माझा डावा डोळा काही केल्या एकटा मिटेना. दोन्ही मिटायचे. उस्तादांनी माझ्याच खिशातला रुमाल घेतला, टोपीखाली खोवून डाव्या डोळ्यावर सोडला. "अब देखो बेटा." दिसलं! समोरच्या काळ्या गोलाखाली नळीवरची ती बारीक टोकदार माशी स्थिर दिसली.

पण ती स्थिर कुठे राहते? श्वास घेतला की वर, सोडला की खाली. छातीचे ठोके जमिनीतून ऐकू येत होते. श्वास अर्धा सोडायचा, अडवायचा आणि तेवढ्या दोन-चार सेकंदांत बोट दाबत न्यायचं. मी दाबत गेले, दाबत गेले, आणि एकदम कानाशेजारी कोणीतरी वाळलेली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. खांद्याला धक्का म्हणाल तर जवळजवळ नाहीच. टू-टूला तो नसतोच. मी मात्र डोळे घट्ट मिटून तशीच पडून होते. मला माळ दिसत होता. न पाहिलेला, आईकडून ऐकलेला माळ. उस्ताद शेजारी बसलेले. म्हणाले, "हो गया. उँगली बाहर. साँस लो."

त्या वाक्याने मी माळावरून परत आले. दुसरी गोळी मारली. तिसरी, चौथी. पाचव्या वेळी डोळे उघडे राहिले.

कागद हातात आला तेव्हा तीन भोकं एकमेकांजवळ, एका वाटीखाली झाकतील अशी. चौथं जरा खाली. पाचवं नव्हतंच. पहिली गोळी बहुधा बांधात गेली असावी. उस्ताद म्हणाले, गोल कुठे लागला ते नंतर बघू, आधी गोळ्या एकत्र आल्या पाहिजेत. याला ग्रुपिंग म्हणतात. एकत्र येतात याचा अर्थ तुमचा हात, डोळा आणि श्वास दर वेळी तेच करताहेत. मग जागा सरकवणं सोपं.

तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे, बारशाच्या कुंचीखाली.

पुढे कॉलेज संपलं, लग्न झालं आणि रायफल संपली. मला त्याचं फार दुःख झालं असं खोटं सांगणार नाही. पण २००० साली सिडनी ऑलिम्पिकला अंजली वेदपाठक नेमबाजीच्या अंतिम फेरीत पोहोचली, तिथवर जाणारी ती पहिली भारतीय महिला, तेव्हा मी मुलाला मांडीवर घेऊन बातम्या बघत होते आणि माझ्या घशात आवंढा आला. कारण तिची सुरुवातही एन.सी.सी.तूनच झालेली. मुंबईच्या कीर्ती कॉलेजातून. तीच पुढे अंजली भागवत. २००२ साली म्युनिकला तिने 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' किताब मिळवला, आणि त्याच वर्षासाठी तिला खेलरत्न मिळालं.

त्यानंतर आपल्या महाराष्ट्राच्या मुलींनी थांबायचं नावच घेतलं नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्येच ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विजेतेपद पटकावलं. नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय महिला. आणि ऑलिम्पिकला ती पहिल्यांदा गेली ती टोकियोला, २०२१ साली, वयाच्या चाळिशीत! आपण चाळिशीला गुडघ्यांचं तेल शोधायला लागतो. कोल्हापूरचीच राही सरनोबत पिस्तुलात. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिचं सुवर्ण. नेमबाजीत असं सुवर्ण मिळवणारी तीही पहिलीच भारतीय महिला. २०२४ साली पॅरिसला ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. मला राहून राहून वाटतं, कोल्हापूरला जे जमलं ते इतकं लष्कर अंगणात असलेल्या आमच्या नगरला का नाही जमलं? आवाज ऐकून नेम येत नाही हे खरं. पण तरीही.

आता तालुक्याच्या गावीही कुठे कुठे एअर रायफलचे क्लास निघालेत. अशाच एका क्लासला मी मुद्दाम जाऊन आले. शटरच्या दोन गाळ्यांची भिंत काढून दहा मीटर लांबी काढलेली. एअर रायफलीत बारूद नसतं, दाबलेल्या हवेवर साडेचार मिलिमीटरचा छर्रा सुटतो. पण दहा मीटरवरचा तो दहा गुणांचा ठिपका किती असतो माहितीये? अर्धा मिलिमीटर. मोहरीच्या दाण्याहून लहान. आणि तोही उभं राहून, चार-पाच किलोची रायफल पेलून साठ वेळा. दहावीतली एक मुलगी सराव करत होती. तिची आई बाहेर स्कूटीवर बसून भाजी निवडत होती. मी विचारलं, परवडतं का? ती म्हणाली, "ताई, फी भरतो कशीबशी. रायफल क्लासची वापरते. स्वतःची घ्यायची तर लाखांची गोष्ट. पण हिचा अभ्यास सुधारला हो. आधी पाच मिनिटं एका जागी बसत नव्हती."

हे मला अगदी पटलं.

पण दुसरं एक मला पटत नाही, तेही लिहिते. हल्ली महिला दिनाच्या भाषणांत कोणीतरी हमखास म्हणतं, मुलींच्या हातात बंदूक द्या, मग बघा कोण छेड काढतं. टाळ्या पडतात. अहो, बंदुकीचा परवाना भाजीच्या जुडीसारखा मिळत नाही, आणि मिळू नये. वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात, पोलिसांची चौकशी होते, कारण द्यावं लागतं. निवडणूक आली की बहुतेक परवानेवाल्यांना शस्त्र ठाण्यात जमा करावं लागतं. आणि बाईला त्रास देणारा बऱ्याचदा घरातलाच असतो. त्याच्यासाठी बंदूक हा उपाय नाही. उलट ज्या घरात ती असते तिथे दारू प्यायल्यावर ती कोणाकडे वळते, हे पाटलाच्या वाड्यांत नांदलेल्या बायकांना विचारा. आमच्या ओळखीच्या एका घरी बाराबोरची बंदूक होती. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहायची ती घरातल्या सुनेने, पण एरवी तिला हात लावायची परवानगी नव्हती. आणि नवऱ्याचा आवाज चढला की पहिल्यांदा काडतुसं धान्याच्या कणगीत लपवायची तीही त्याच सुनेनेच. तिला कोणीच कधी शिकवलं नव्हतं. ती काडतुसं नेमकी काय असतात, भिंतीवर आपटली तर काय होईल, काही ठाऊक नसताना अंधारात पदरात घेऊन जायची. हे ऐकलं तेव्हा मला मामा आठवला.

शिकणं आणि बाळगणं या दोन गोष्टी वेगळ्या, एवढंच माझं म्हणणं.

पोलिसांतल्या मुलींचं मात्र तसं नाही. त्यांना शिकावंच लागतं, आणि बाळगावंही लागतं. पाथर्डी तालुक्यातल्या एक कॉन्स्टेबल ताई मला एसटीत भेटल्या. गणवेशात नव्हत्या, बोलता बोलता कळलं. त्यांना मी त्यांची पहिली गोळी विचारली. खूप हसल्या. म्हणाल्या, "आमचं भरतीचं सगळं लक्ष धावण्यावर आणि गोळाफेकीवर. गोळा फेकला, पण गोळी कधी बघितली नव्हती. पहिली मारली ती एसएलआरने. तिचा धक्का असा, की रात्री खांदा निळा. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, हळद लाव." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "बाळंतपणानंतर परत सरावाला गेले तेव्हा बाळ आठ महिन्यांचं होतं. पालथं झोपायचं म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मंगळसूत्र पण टोचतं. साहेबांना काय सांगणार? मग आम्ही बायकाबायकांनीच ठरवलं, दूध काढून जायचं, मंगळसूत्र मागे पाठीवर टाकायचं. नव्या पोरींना आता आम्हीच सांगतो."

त्या रात्री भाचीला मी हे सगळं सांगितलं. मंगळसूत्राचं सोडून, तिचं अजून लग्न व्हायचंय. तिचा खरा प्रश्न तर वेगळाच निघाला. रिकाम्या रायफलीवर शिस्त धरताना तिला म्हणे दोन-दोन टोकं दिसत होती, आणि विचारायची लाज वाटत होती. म्हटलं, दोन्ही हात लांब कर, पंजांची छोटी खिडकी कर, त्यातून दूरचा दिवा बघ. आता एकेक डोळा मीट. कुठला डोळा मिटल्यावर दिवा पळतो?

"डावा मिटला की पळतो, मावशी."

म्हणजे हिचा जोर डाव्या डोळ्याचा, आणि रायफल उजव्या खांद्याला. हे पुष्कळांचं असतं, यात लाज कसली. सकाळी आधी तुमच्या सरांना हे सांग, लपवू नकोस, आणि खिशात रुमाल ठेव. शिवाय एक रुपयाचं नाणं असलं तर आत्ता पेनावर ठेवून बोट हलवून बघ, म्हटलं. पलीकडून खणकन आवाज आला. पडलं!

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज संध्याकाळपर्यंत आला नाही. मी दोनदा गॅस चालू ठेवून विसरले. साडेनऊला फोन वाजला. पहिल्या दोन गोळ्या कुठे गेल्या माहीत नाही म्हणाली. सरांनी रुमाल लावायला परवानगी दिली. उरलेल्या लागल्या. एकदम मधोमध नाही, पण लागल्या. खांदा दुखतोय, भूक लागलीय, आणि मेसमध्ये आज वांग्याची भाजी आहे, असं सगळं एका दमात.

आई शेजारी सोफ्यावर बसली होती. ती आता अठ्ठ्याहत्तरची. फोन स्पीकरवर होता, तिने सगळं ऐकलं होतं. मामा जाऊन आता सहा वर्षं झाली. मला वाटलं ती उठून आत जाईल. तिने हात पुढे केला, फोन मागितला आणि तो तोंडाच्या अगदी जवळ धरून, नेहमीसारखं मोठ्यानं विचारलं, "कानात कापूस घातला होतास का गं?"